पाच पावलांची हद्द

एकदा एक तरुण गुरव आपल्या गुरूंकडे देवीची तक्रार घेऊन गेला. देवी कोपली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. कोपाचं कारण मात्र त्याला सापडत नव्हतं. आणि कारण सापडत नाही तेव्हा बहुतेक माणसं जे करतात तेच त्यानेही केलं होतं. कारण शोधायचं सोडून तो शांतीचा मुहूर्त शोधायला निघाला होता.

ही गोष्ट कळायची तर आधी त्याची देवी, तिचे मासे आणि त्याचं शेत, तिन्हींची ओळख हवी. डोंगराच्या पायथ्याशी नदी एक वळण घेते आणि त्या वळणावर पाण्याचा खोल डोह आहे. काठावर देवीचं लहानसं देऊळ आणि देवळापासून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. डोहात खडस जातीचे मासे राहतात, ज्यांना शहरातले जाणकार महसीर म्हणतात. हातभर लांब, मोठाल्या खवल्यांचे, उन्हात पाठ सोनेरी दिसणारे. आजूबाजूच्या नद्यांतून हा मासा नाहीसा होऊन कितीतरी वर्षं झाली. इथे तो टिकला, कारण इथे तो देवीचा आहे. त्याला गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही, आणि एखादा मेलाच तर देवळामागच्या वडाखाली खड्डा काढून त्याला माणसासारखं पुरायचं, अशी गावाची रीत.

या माशांची राखण गुरवाच्या घराण्याकडे. त्याच्या पणजोबांच्याही आधी कुणीतरी डोहाला लागून असलेली जमीन त्यांना या कामासाठी इनाम दिली होती, आणि गावात अजूनही त्या जमिनीला माशांचं शेत म्हणतात. अट एकच. रोज सकाळी शेतात पाऊल टाकण्याआधी माशांना चुरमुरे घालायचे. गुरवाने ही अट कधी मोडली नव्हती. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो हळदीच्या अंगाने पायऱ्या उतरून चुरमुरे टाकून आला होता आणि तोवर नवरीकडची मंडळी मांडवात ताटकळत बसली होती.

तर अशा या डोहातले मासे मरू लागले होते.

सुरुवात झाली ती गुरवाने शेतात वांगी लावली त्या वर्षी. पूर्वी तिथे भात व्हायचा आणि भातानंतर वाल. वांगं जास्त देणारं पीक, पण लाडावलेलं. त्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते आणि अळी म्हटली की औषध आलं. तालुक्याच्या बाजारातला एक व्यापारी औषधही विकायचा आणि वांगीही उचलायचा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सल्ला त्याचाच. डाग असलेला एक नग मी घेणार नाही, दर आठवड्याला फवारायचं, असं त्याने बजावलं होतं. बाजार रविवारी, म्हणून फवारणी गुरुवारी. पहिल्या वर्षी तीन मासे मेले. दुसऱ्या वर्षी पौष सरेपर्यंत सात गेले. गुरवाने सात खड्डे काढले, सातांवर फुलं वाहिली आणि त्या सातही दिवशी तो जेवला नाही.

गाव काही डोळे मिटून बसलं नव्हतं. देवळात बैठक झाली. औषध पाण्यात जातं म्हणून मासे मरतात, असं एका म्हाताऱ्याने बोलून दाखवलं आणि ते सगळ्यांना पटलंही. काठाने थोडी जमीन सोडून फवारायचं, असं ठरलं. किती सोडायची, यावर मात्र सभा अडली. जमीन सोडायची गोष्ट निघाली की भल्याभल्यांना आढ्याची लाकडं मोजावीशी वाटतात, तसं झालं. शेवटी सगळे गुरवाकडे बघू लागले. डोहाला सर्वांत जवळचं शेत त्याचं आणि माशांचा कळवळाही त्यालाच जास्त. गुरवाने घटकाभर विचार केला आणि सांगितलं, पाच पावलं. नदीकाठी ज्यांची ज्यांची शेतं होती त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ठराव एकमताने पास झाला.

गुरव बोलून मोकळा होणारा नव्हता. त्याने पाण्याच्या कडेपासून पाच पावलं मोजून दगड पुरले आणि त्यांना चुना फासला. त्या पांढऱ्या दगडांच्या पुढे फवारणीची नळी त्याने एकदाही जाऊ दिली नाही. पंप नदीवर धुणंही बंद केलं. विहिरीचं पाणी शेंदून तो लांब खळ्यात धुवायचा. एवढी शिस्त पाळूनही माघात आणखी चार मासे मेले. डोहात आता जेमतेम पंचवीस-तीस उरले होते. उन्हाळा तोंडावर आला होता, पाणी उतरत जाणार होतं, आणि पाणी उतरलं की उरलेलेही जातील या भीतीने त्याची झोप उडाली होती. इतक्या पिढ्यांनी सांभाळलेले मासे आपल्या हातून संपणार, हा विचार त्याला सहन होण्यासारखा नव्हता.

म्हणून तो तात्यांकडे गेला.

तात्या म्हणजे त्याचे गुरू. ते काही जटाधारी वगैरे नव्हते. सारी उमर त्यांनी सरकारी मोजणीदार म्हणून काढली होती. खांद्यावर साखळी टाकून गावोगाव हिंडायचं, भाऊबंदांची भांडणं ऐकायची, आणि कुणाची जमीन कुठे संपते ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर देवळाच्या मागे दोन खोल्यांच्या घरात ते एकटे राहत. त्यांना पंचांग उत्तम कळायचं आणि गुरव आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे ते शिकायला जायचा. शिष्य हुशार होता, मन लावून शिकायचा. त्याला खोड एकच होती. उत्तर एकदा हाती लागलं की तो प्रश्नाकडे पुन्हा वळून बघत नसे.

तात्यांपुढे बसून त्याने सगळं मन मोकळं केलं. पाच पावलं सोडूनही मासे मरतात, याचा अर्थ औषधाचा दोष नाही, असं त्याने सांगितलं. मग उरतात दोनच शक्यता. एक तर वरच्या वाडीतला तो बेपर्वा शेतकरी, ज्याला कसलीही चाड नाही, तो नदीत काही तरी सोडत असणार. त्याच्या दारात जाऊन दोन हात करायचीही गुरवाची तयारी होती. किंवा मग देवीचाच कोप. भांडणाआधी शांती करून बघावी, म्हणून तो मुहूर्त विचारायला आला होता.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मासे कोणत्या वारी मेले, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? माझ्या हातांनी पुरलेत." गुरवाने तिथीसकट सगळे दिवस सांगितले. बहुतेक शुक्रवार होते. मध्ये दोन शनिवार, आणि एक मासा गुरुवारच्या उतरत्या उन्हात तरंगताना दिसला होता.

"आणि फवारणी?"

"गुरुवारी. पण तिचा काय संबंध, तात्या? पाच पावलं सोडतो की मी."

तात्यांनी पंचांग उघडून बराच वेळ पानं चाळली आणि सांगितलं, येता गुरुवार शांतीला उत्तम आहे. सामान मी आणतो, तू काही जमवू नकोस. सकाळी रोज जे करतोस ते सगळं तसंच आणि त्याच क्रमाने कर, फक्त पंप पाठीला लावायच्या वेळी थांब आणि मला हाक मार. गुरवाचा जीव थोडा हलका झाला. मुहूर्त मिळाला म्हणजे निम्मं काम झालं, असं त्याला नेहमीच वाटायचं.

गुरुवारी सकाळी तो लवकर उठला. सामान जमवू नकोस असं सांगितलं असूनही त्याच्या बायकोने नारळ, तांदूळ, फुलं आणि पाटावर नवं वस्त्र काढून ठेवलं होतं. देवीच्या कामात हात आखडता घेणं तिला माहीत नव्हतं. गुरवाने पूजा केली. मग पायऱ्या उतरून माशांना चुरमुरे घातले. डोहातले मासे त्याच्या पावलांचा आवाज ओळखायचे. तो शेवटच्या पायरीवर आला की ते काठाशी गोळा व्हायचे आणि चुरमुरे संपल्यावरही आणखी काही पडेल या आशेने बराच वेळ पाण्यावर तोंडं काढून फिरत राहायचे. त्या दिवशीही तसंच झालं. त्याने उरलेल्या माशांकडे डोळे भरून पाहिलं, वर आला आणि तात्यांना हाक मारली.

नेमका त्याच वेळी व्यापारी रविवारचा माल नजरेखालून घालायला आलेला. शांती आहे म्हटल्यावर तोही चपला काढून हात जोडून उभा राहिला.

तात्या आले ते डोक्यावर गोणी आणि काखेत सूप घेऊन. गोणीत समिधा असतील, असं गुरवाला वाटलं. तात्यांनी गोणी उघडली तर आत भाताचा कोंडा निघाला. धान्याचा एक दाणा नाही. नुसता फोलपटांचा, हलका, पिवळा कोंडा. तात्यांनी धोतराचा काष्टा खोचला, चुना फासलेल्या दगडांच्या अलीकडे, शेतात उभे राहिले, सूप भरून डोक्याच्या वर उचललं आणि खळ्यात वारा देतात तसा तो कोंडा हळूहळू सोडायला सुरुवात केली.

खरं सांगायचं तर गुरवाला लाज वाटली. रिकामा कोंडा कुणी उपणतं का? उपणायचं ते धान्य खाली पडावं आणि कोंडा उडून जावा म्हणून. इथे खाली पडायला काहीच नव्हतं. वय झालं, म्हाताऱ्याची बुद्धी चळली, असं त्याच्या मनात आलं आणि गुरूंविषयी असं मनात आल्याचं वाईटही वाटलं. व्यापाऱ्याला हसू आवरेना. "तात्या, भात घरीच राहिला वाटतं," तो म्हणाला.

तात्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सकाळी डोंगराकडून नदीकडे वारा उतरतो, तसा तो उतरत होता. फार नाही, अंगाला लागेल न लागेल एवढा. पण त्याने कोंडा अलगद उचलला, पांढऱ्या दगडांवरून नेला, ती पाच पावलं ओलांडली, पायऱ्यांवर थोडा सांडला आणि बाकीचा डोहावर पसरला. पाण्याला पिवळी साय धरल्यासारखं दिसू लागलं.

आणि मासे वर आले.

रोज याच वेळी वरून जे पडतं ते खायचं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं. एकामागून एक ते कोंड्याखाली गोळा झाले, तोंडं उघडून त्यांनी तो ओढून घेतला, नकोसा वाटल्यावर बाहेर टाकला, आणि तरी दुसरीकडे जाऊन पुन्हा तोंडं उघडली. सगळ्यात मोठी, वाकड्या पाठीची म्हातारी मादीही त्यांच्यात होती. तिने तर पार पायरीजवळ येऊन वाट पाहिली.

गुरव मटकन खाली बसला. त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. इतके गुरुवार, आधी चुरमुरे आणि लगेच फवारणी. आधी सगळ्यांना हाक मारून पाण्याच्या वर आणायचं आणि मग त्यांच्या तोंडावर विष सोडायचं. जी अट त्याने कधी मोडली नव्हती, तिच्याच पायी हे घडत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचेना.

तात्यांनी सूप खाली ठेवलं आणि ते त्याच्याशेजारी येऊन बसले. बोलले ते हळू आवाजात, तोलून मापून, पूर्वी दोन भावांना एका बांधावर बसवून बोलत असतील तसे.

"मी चाळीस वर्षं हद्दी मोजल्या. जमिनीची हद्द साखळीने मोजता येते, कारण जमीन जागची हलत नाही. पण कामाची हद्द तशी नसते. तुझा हात या दगडापाशी थांबला हे खरं. हातातून सुटलेलं मात्र थांबलं नाही, ते पुढे जाऊन जिथे पडलं तिथे तुझं काम संपलं. तू पाच पावलं मोजलीस त्यात लबाडी नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण ती मोजताना तू शेतात उभा होतास. किती सोडलं तर मला झेपेल, एवढंच तू मोजलंस. किती सोडलं तर त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, हे मोजायचं राहून गेलं. देवी कोपलेली नाही. ती केव्हाची वाट बघते आहे, एवढंच."

यावर बोलला तो व्यापारी. त्याचं हसू मघाशीच मावळलं होतं, पण धंद्यातला माणूस सहज हार मानत नाही. कोंडा म्हणजे औषध नव्हे, असं तो म्हणाला. कोंड्याने कसं ठरवायचं? कोंडा केवढा जाड, आणि पंपातून निघणारा फवारा धुक्याइतका बारीक.

एवढं बोलून तो आपोआप गप्प झाला. आपण काय बोलून बसलो, हे त्याच्या स्वतःच्याच ध्यानात आलं.

"बरं झालं शेट तुम्हीच सांगितलंत," तात्या म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. म्हणजे कोंडा जाईल त्याच्याही पुढे जात असणार."

मग गुरव उठला. सूप त्याने स्वतः हातात घेतलं. दगडांपासून पाच पावलं मागे सरकून त्याने कोंडा सोडला. तो पाण्यावर पडला. आणखी पाच पावलं मागे, पाण्यावरच पडला. प्रत्येक वेळी तो वांग्यांच्या आणखी एका ओळीत शिरत होता आणि ती ओळ आता आपली नाही, हे त्याला समजत होतं. हाताशी आलेली, जांभळी तुकतुकीत वांगी धोतराला घासत होती. काठापासून अठ्ठावीस पावलांवर गेल्यावर पहिल्यांदा सगळा कोंडा जमिनीवर उतरला आणि डोहाचं पाणी स्वच्छ राहिलं. त्याने व्यापाऱ्याकडे पाहिलं. व्यापाऱ्याने नजर चुकवली आणि पुटपुटला, फवाऱ्यासाठी आणखी दहा तरी धरा. गुरवाने ती दहाही मोजली.

तिथे उभं राहून त्याने मागे वळून पाहिलं. शेताचा तिसरा हिस्सा नदीच्या बाजूला राहिला होता. तो घरच्यांना काय सांगणार, हा प्रश्न आता त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. एवढं सोडच, असं तात्या एका शब्दाने म्हणाले नाहीत.

बोलली ती त्याची बायको. पाटावरचं वस्त्र हातात घेऊन ती बांधावर येऊन उभी होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. "अहो, शेत कुणाचं आहे हे?" ती म्हणाली. "आजवर माशांच्या जिवावर आपण पिकवून खाल्लं. त्यातलं थोडं त्यांनाच दिलं तर आपलं काय गेलं?"

गुरवाने सूप खाली ठेवलं. शांती झाली, असं त्याने मनात म्हटलं, आणि त्या दिवशी पंप पाठीला लावला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने काठाकडची वांगी उपटली. उपटताना हात जड झाले, खोटं कशाला सांगा. त्या जागी त्याने गवती चहा लावला आणि त्यामागे उंच वाढणाऱ्या शेवरीची दाट ओळ टोकली, वाऱ्याला आडोसा म्हणून. उरलेल्या शेतात फवारणीचा वार ठरवायचं त्याने सोडून दिलं. आता तो आधी वारा बघायचा. ऊन चढलं की वारा फिरून नदीकडून डोंगराकडे वाहू लागतो, हे लहानपणापासून अंगावर घेतलेलं त्याला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. तसा वारा असेल, आणि तोही मंद, तरच तो पंप काढायचा. नाहीतर अळी लागलेले शेंडे हाताने खुडत बसायचा. त्याच्या वांग्यांवर अधूनमधून डाग दिसू लागले. व्यापारी कुरकुरला, पण डागाची वांगी वेगळी काढून घेऊन गेला. स्वतःच्या तोंडून निघालेली ती दहा पावलं त्याला आडवी येत असावीत.

खरी परीक्षा शुक्रवारची होती. पहिल्या शुक्रवारी गुरव उजाडताच पायऱ्या उतरला. त्याने डोहाची एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, मुळांच्या जाळ्यात आणि खडकांच्या कपारीत पाहिलं. पांढरं पोट वर करून तरंगणारं काहीच नव्हतं. तो दिवस त्याने जपून घालवला, जणू मोठ्याने बोललं तर नशीब फिरेल. दुसरा शुक्रवार गेला, तिसरा गेला. चैत्र आला, वैशाख आला. पाणी चार पायऱ्या खाली उतरलं, उन्हाने डोह कोमट झाला, आणि तरी वडाखाली नवा खड्डा काढायची वेळ आली नाही. एका सकाळी चुरमुरे घालून झाल्यावर तो पायरीवर बसून राहिला आणि आपण किती दिवसांनी पोटभर श्वास घेतोय, असं त्याला वाटलं. त्या दिवशी त्याने बायकोला पुरणपोळी करायला सांगितली. सण कुठला, असं तिने विचारलं. त्याला सांगता आलं नाही. तीही समजून हसली आणि डाळ भिजत घालायला गेली.

पावसाळा आला नि गेला. नदीचं गढूळ पाणी निवळायला आश्विन उजाडला. डोहाच्या थोडं वर, जिथे नदी गोट्यांवरून उथळ वाहते, तिथे गुरव एकदा पाय धुवायला उतरला. गोट्यांमध्ये काही तरी सळसळलं. तो वाकला. बोटाएवढी पिल्लं होती. एक, दोन, मग दहा, मग एकदम सगळा झुबका वळला आणि त्यांच्या पाठींवर ऊन पडलं. तो सोनेरी रंग ओळखायला गुरवाला कुणी शिकवायला नको होतं. तो तसाच धोतरासकट पाण्यात बसला. पिल्लं घाबरून पांगली आणि थोड्या वेळाने त्याच्या गुडघ्यांभोवती पुन्हा गोळा झाली. त्याला इतका आनंद झाला होता की तो एकटाच हसत होता, आणि काठावरून जाणाऱ्या बायकांनी गुरवाला काय झालं म्हणून एकमेकींकडे पाहिलं.

तात्यांना हे सांगायला तो ओल्या कपड्यांनीच धावत गेला. तात्यांनी ऐकलं, चष्मा काढून डोळे पुसले, आणि चहा टाकायला उठले. ते एवढंच म्हणाले, "बस. ओला आहेस, ओट्यावर बस."

ते दोघं चहा पीत असताना वरच्या वाडीतला तो शेतकरी आला. ज्याच्या दारात जाऊन भांडायचं गुरवाने ठरवलं होतं, तोच. पिल्लांची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो अंगणातच घुटमळला, टोपी काढून हातात घेतली आणि सांगू लागला. त्याच्या शेताखालीही नदीचा एक लहान डोह आहे. तिथे देवी नाही, देऊळ नाही, म्हणून आजवर कुणी लक्ष दिलं नाही, पण त्याच्या वडिलांच्या वेळी तिथेही हे मासे होते म्हणतात. पुन्हा येतील का? त्यालाही काठ सोडायचा होता. त्याने गुरवाला विचारलं, "किती पावलं सोडू, तेवढं सांगा."

अडतीस, हा आकडा गुरवाच्या ओठांवर आला होता. त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्या कपातल्या चहाकडे बघत होते.

"आकडा माझ्या शेताचा आहे," गुरव त्या शेतकऱ्याला म्हणाला. "तुमच्या शेतातला वारा मला ठाऊक नाही. उद्या उजाडताच येतो मी तुमच्याकडे. आधी पाण्यात उतरून उभे राहू, आणि तिथून बघू."

शेतकरी बरं म्हणून गेला. तात्यांनी शिष्याच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला. इतक्या दिवसांत त्यांनी त्याला शाबासकी म्हणून दिलेली ती पहिलीच गोष्ट, आणि गुरवाला ती कळली.

आपणही रोज कुठे ना कुठे एखादी रेघ ओढतो आणि एवढं पुरे म्हणून समाधानाने घरी येतो. घरी येण्याआधी एकदा पलीकडच्या काठावर जाऊन ती रेघ तिथून कशी दिसते, ते बघून यावं.